काउंटर शिल्लक दिसत असताना कर्नल ‘नॉट काउंटेड’ का म्हणतो? (लिनक्समधले पर्फ इव्हेंटचे शेड्यूलिंग)

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एका डेटाबेस इंजिनातला हॅश जॉइनचा (दोन तक्ते जुळवण्याचा) कोड मी सध्या तपासते आहे. तो कुठे अडतो ते पाहण्यासाठी ‘पर्फ स्टॅट’ वापरते; लिनक्सचे हे साधन प्रोसेसरमधल्या घटना, म्हणजे इव्हेंट, मोजून देते. माझ्या मशीनवर इंटेलचा स्कायलेक पिढीचा प्रोसेसर आहे आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन लॉजिकल सीपीयू) चालू आहे. प्रोसेसरच्या कागदपत्रांनुसार प्रत्येक लॉजिकल सीपीयूला ४ जनरल काउंटर (निरनिराळे इव्हेंट मोजू शकणारे) आणि ३ फिक्स्ड काउंटर (एकच ठरलेला इव्हेंट मोजणारे) मिळतात. फिक्स्डपैकी एक इन्स्ट्रक्शन्स मोजतो, दुसरा सायकल्स आणि तिसरा रेफरन्स सायकल्स.

या हिशेबाने मी सहा इव्हेंटचा एक ग्रुप केला, म्हणजे महिरपी कंसात सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँच मिसेस, कॅश मिसेस, एल१ डेटा कॅश लोड मिसेस आणि डीटीएलबी (मेमरीच्या पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) लोड मिसेस असे एकत्र दिले. पहिले दोन फिक्स्ड काउंटरवर जावेत आणि उरलेले चार जनरलवर, म्हणजे सगळे बसायला हवे होते. कर्नलने ग्रुप स्वीकारला, चूक कळवली नाही, प्रोग्राम पूर्ण चालला, आणि शेवटी सहाही इव्हेंटपुढे ‘नॉट काउंटेड’ असे आले.

कंस काढून तेच सहा इव्हेंट सुटे दिले तर आकडे येतात, पण प्रत्येकापुढे कंसात टक्केवारी असते. सायकल्सपुढे ६६ ते ६७ टक्के दिसतात आणि बाकी पाचांपुढे ८३ च्या आसपास. इन्स्ट्रक्शन्सला तर स्वतःचा फिक्स्ड काउंटर आहे, मग त्याची टक्केवारी १०० का नाही, हेही मला समजलेले नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मूळाक्षर

तुमचा हिशेब बरोबर आहे, त्यात फक्त एक भाडेकरू धरायचा राहिला आहे. कर्नलमधला एनएमआय वॉचडॉग. एखादा सीपीयू कर्नलमध्ये अडकून पडला तर ते ओळखण्यासाठी हा वॉचडॉग प्रत्येक सीपीयूवर सायकल्सचा एक इव्हेंट कायमचा लावून ठेवतो. तो पर्फच्याच यंत्रणेतून जातो आणि ‘पिन्ड’, म्हणजे जागेवर खिळलेल्या, प्रकारचा असल्यामुळे सगळ्यांच्या आधी जागा घेतो. तुमच्या मशीनवर सायकल्सचा फिक्स्ड काउंटर त्याने धरला आहे, म्हणून तुमच्या सायकल्सला जनरल काउंटरवर जावे लागते. मग जनरल काउंटर मागणारे पाच होतात आणि काउंटर चारच आहेत.

आता ग्रुपचे. कर्नलमध्ये हे काम दोन थरांत वाटलेले आहे. वरचा थर सर्व प्रोसेसरांना सामाईक असतो आणि कोणत्या ग्रुपला या क्षणी आत घ्यायचे ते ठरवतो. खालचा थर त्या त्या प्रोसेसरचा असतो आणि आत घेतलेला इव्हेंट नेमक्या कोणत्या काउंटरवर बसवायचा ते ठरवतो. ग्रुप म्हणजे वरच्या थराने दिलेला एक शब्द असतो: यातले सर्व सदस्य एकाच वेळी मोजले जातील, नाहीतर कोणीही मोजला जाणार नाही. म्हणून ग्रुप आत घेताना कर्नल व्यवहार सुरू करतो, एकेक सदस्य यादीत घालतो आणि शेवटी खालच्या थराला एकदाच विचारतो की ही सगळी यादी बसते का. बसली तर व्यवहार पक्का होतो, आणि एकही सदस्य उरला तर आत घातलेले सगळे बाहेर काढले जातात. तुमचे पाच सदस्य बसत होते आणि सहावा बसत नव्हता, त्यामुळे सहाही बाहेर राहिले. पुढच्या प्रत्येक प्रयत्नात तेच झाले, कारण वॉचडॉग जागचा हलत नाही.

मग कर्नलने ग्रुप सुरुवातीला नाकारला का नाही? ‘पर्फ_इव्हेंट_ओपन’ या सिस्टिम कॉलच्या वेळी तपासणी होते, पण ती एका कल्पित, पूर्ण रिकाम्या पीएमयूवर (प्रोसेसरमधल्या काउंटरांच्या संचावर) होते. ‘दुसरे कोणीही नसताना हा ग्रुप या प्रोसेसरवर बसू शकेल का’ एवढाच प्रश्न तिथे विचारला जातो. तुमच्या ग्रुपचे उत्तर ‘हो’ होते. सात जनरल इव्हेंटचा ग्रुप दिला असता तर तो तिथेच नाकारला गेला असता. मला ही रचना योग्य वाटते, कारण आज काउंटर कोणी धरला आहे यावर ग्रुपची वैधता ठरवली तर तोच प्रोग्राम सकाळी चालेल आणि दुपारी चूक देईल. मात्र स्वीकारलेला ग्रुप कधीच आत जाणार नाही अशी स्थिती त्यामुळे निर्माण होऊ शकते, आणि तुम्ही नेमक्या तिथेच अडकलात.

पडताळा सोपा आहे. ‘/प्रोक/सिस/कर्नल’ या डिरेक्टरीत वॉचडॉगच्या नावाची फाइल आहे. तिच्यात रूटच्या अधिकाराने ० लिहा आणि तोच ग्रुप पुन्हा चालवा. ग्रुपमधून सायकल्स काढला तरीही बाकीचे पाच मोजले जातील.

पाणवठा

तुम्ही सांगितल्याप्रमाणे दोन्ही प्रयोग केले. वॉचडॉग बंद केल्यावर सहाही इव्हेंट टक्केवारीशिवाय आले, आणि वॉचडॉग चालू ठेवून सायकल्स काढल्यावर पाचही आले. मनापासून आभार.

मग सुट्या इव्हेंटचे काय? वॉचडॉग चालू असताना जनरल काउंटर मागणारे पाच इव्हेंट चार काउंटरांवर आलटून पालटून बसतात, तेव्हा प्रत्येकाला ८० टक्के मिळायला हवेत, आणि इन्स्ट्रक्शन्सला १००. प्रत्यक्षात एकालाच ६६ आणि बाकीच्या पाचांना ८३ कसे येतात?

मूळाक्षर

हा प्रश्न फार चांगला आहे. कागद घेऊन बसले तर याचे उत्तर पूर्ण अंकांत निघते.

सुटा इव्हेंट म्हणजे एकाच सदस्याचा ग्रुप. हे ग्रुप एका रांगेत उभे असतात. वरचा थर पहिल्यापासून एकेकाला आत घेत जातो आणि ज्याच्यापाशी जागा संपते तिथे थांबतो. या थांबण्यालाच सगळे महत्त्व आहे. एक हार्डवेअर ग्रुप नापास झाला की त्या फेरीत त्याच्या मागच्या कोणत्याही हार्डवेअर ग्रुपला विचारलेच जात नाही, मग त्याच्यासाठी काउंटर मोकळा असला तरीही. फक्त कर्नल स्वतः मोजतो ते सॉफ्टवेअर इव्हेंट, उदाहरणार्थ पेज फॉल्ट, या अटीतून सुटतात. ठरलेल्या वेळाने टायमर वाजतो, रांगेतला पहिला ग्रुप मागे जातो आणि पुन्हा पहिल्यापासून भरती सुरू होते.

तुमची रांग अशी घ्या: सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँच, कॅश, एल१, टीएलबी. पहिल्या फेरीत सायकल्स, ब्रँच, कॅश आणि एल१ यांनी चारही जनरल काउंटर घेतले, इन्स्ट्रक्शन्स फिक्स्डवर गेला आणि टीएलबी बाहेर राहिला. दुसऱ्या फेरीत सायकल्स रांगेच्या शेवटी गेलेला असतो, म्हणून टीएलबी आत येतो आणि सायकल्स बाहेर राहतो. तिसऱ्या फेरीत रांग ब्रँचपासून सुरू होते. ब्रँच, कॅश, एल१ आणि टीएलबी यांनी चार काउंटर भरले, पाचव्या क्रमांकावरचा सायकल्स नापास झाला आणि भरती थांबली. त्याच्या मागे उभ्या असलेल्या इन्स्ट्रक्शन्सला, स्वतःचा काउंटर रिकामा असूनही, कोणी विचारले नाही. चौथ्या फेरीत ब्रँच बाहेर राहतो, पाचव्यात कॅश, सहाव्यात एल१, आणि मग चक्र पुन्हा सुरू होते.

आता मोजा. सायकल्स दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत बाहेर आहे, म्हणजे ६ पैकी ४, म्हणजे ६६.६७ टक्के. इन्स्ट्रक्शन्स फक्त तिसऱ्या फेरीत बाहेर आहे आणि बाकी चौघे एकेका फेरीत, म्हणजे ६ पैकी ५, म्हणजे ८३.३३ टक्के. सायकल्सचे नुकसान तो इन्स्ट्रक्शन्सच्या लगेच पुढे उभा आहे म्हणून झाले. आदेशात इन्स्ट्रक्शन्स आधी आणि सायकल्स नंतर लिहून पाहा, ६६ टक्के वाटा रांगेत शेवटी असलेल्या टीएलबीकडे जाईल.

पहिल्या नापासाला थांबण्याचा नियम काउंटर वाया घालवतो, हे खरे आहे. तरी तो काढून टाकावा असे मला वाटत नाही. मागच्या लहान ग्रुपांना पुढे घुसू दिले तर चार सदस्यांच्या मोठ्या ग्रुपच्या वाटेत प्रत्येक वेळी कोणीतरी एक काउंटर अडवून बसेल. रांग फिरत असल्यामुळे मोठा ग्रुप कधी ना कधी पहिला येतो, आणि पहिला आला की (पिन्ड इव्हेंट वगळता) सगळे काउंटर त्याच्यासमोर मोकळे असतात.

अजून एक क्रम लक्षात ठेवावा. सीपीयूला जोडलेले पिन्ड, प्रोसेसला जोडलेले पिन्ड, सीपीयूचे फिरते (पिन्ड नसलेले) आणि सर्वांत शेवटी प्रोसेसचे फिरते, अशी भरती होते. सामाईक सर्व्हरवर कोणी रूटच्या अधिकाराने संपूर्ण मशीनवर पर्फ चालवत असेल, तर त्याचे इव्हेंट तुमच्या प्रोसेसच्या इव्हेंटआधी बसतात आणि तुमची टक्केवारी तुमची काहीही चूक नसताना घसरते.

काळाफळा

मूळाक्षर यांचे विवेचन अचूक आहे. मला टक्केवारीच्या अर्थाबद्दल लिहायचे आहे, कारण मी विद्यार्थ्यांना हा विषय शिकवतो आणि दरवर्षी प्रकल्पांच्या अहवालांत तीच चूक पाहतो. टक्केवारीचा स्तंभ गाळून फक्त आकडा लिहिला जातो आणि तो मोजलेला आकडा समजून त्यावर निष्कर्ष काढले जातात.

कर्नल प्रत्येक इव्हेंटसाठी दोन वेळा सांभाळतो. इव्हेंट किती वेळ चालू ठेवण्याची मागणी होती ती एक, आणि प्रत्यक्ष काउंटरवर किती वेळ बसला ती दुसरी. पर्फ स्टॅट मोजलेल्या संख्येला पहिल्या वेळेने गुणतो, दुसऱ्या वेळेने भागतो आणि आलेले उत्तर छापतो. म्हणजे ६६.६७ टक्के लिहिले असेल तिथे दोन तृतीयांश मोजलेले आणि एक तृतीयांश अंदाजाने भरलेले असते. इव्हेंट बाहेर असतानाही प्रोग्राम तसाच वागत होता, हे त्या अंदाजामागचे गृहीत. एकसुरी लूपसाठी ते चालते. हॅश जॉइनला मात्र आधी तक्ता बांधण्याचा आणि मग त्यात शोधण्याचा असे दोन टप्पे असतात, आणि दोन्हींचे कॅशशी वागणे अगदी वेगळे असते.

फिरवण्याचा वेळही पाहा. तो टायमर पूर्वी कर्नलच्या टिकला बांधलेला होता, २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र हाय रिझोल्यूशन टायमर मिळाला. मूळ (डीफॉल्ट) अंतर १००० भागिले एचझेड (कर्नलच्या टिकची दर सेकंदाची संख्या) इतके मिलिसेकंद असते, म्हणजे एचझेड २५० असेल तर ४ मिलिसेकंद. वरच्या उदाहरणातल्या सहा फेऱ्यांना त्या हिशेबाने २४ मिलिसेकंद लागतात. तक्ता बांधण्याचा टप्पा एकूण १० मिलिसेकंदांत आटोपला, तर त्यात रांगेचे एक चक्रही पुरे होत नाही आणि कोणता इव्हेंट त्या टप्प्यात आत होता हे योगायोगावर ठरते. प्रोग्रामच पहिल्या फिरवणीआधी संपला तर रांगेतल्या शेवटच्या इव्हेंटला पाळीच मिळत नाही आणि तिथेही ‘नॉट काउंटेड’ येते.

दोन इव्हेंटचे गुणोत्तर काढायचे असेल, उदाहरणार्थ दर सायकलला किती इन्स्ट्रक्शन्स, तर ते दोन्ही एकाच ग्रुपमध्ये असलेच पाहिजेत. सुटे ठेवले तर भाजक एका काळातला आणि भाज्य दुसऱ्या काळातला असे होते, आणि ते उत्तर कोणत्याच क्षणाचे नसते.

एका मुद्द्यावर मात्र मी वेगळे सांगेन. स्वतःच्या लॅपटॉपवर वॉचडॉग बंद करायला हरकत नाही. ज्या सर्व्हरवर इतरांचे काम चालते तिथे तो मोजमापासाठी बंद करू नये. मशीन खरोखर गोठले तर कारण शोधण्याचा तो एक आधार असतो. ग्रुप लहान करावा, वॉचडॉगला हात लावू नये.

मूळाक्षर

सर्व्हरबद्दल पूर्ण सहमत. नव्या कर्नलवर असलेल्यांसाठी एवढे सांगतो की ६.५ या आवृत्तीपासून हार्ड लॉकअप (सीपीयू कर्नलमध्ये अडकून पडणे) ओळखण्याचा दुसरा मार्गही उपलब्ध आहे. त्यात एक सीपीयू शेजारच्या सीपीयूवर लक्ष ठेवतो आणि काउंटर अडत नाही. कर्नल बांधताना तो निवडलेला असावा लागतो.

तिठा

मी गणिताच्या बाजूने पाहते आहे. खालच्या थराचा प्रश्न तर सरळ द्विभाजित आलेखातल्या जुळणीचा दिसतो. एका बाजूला इव्हेंट, दुसऱ्या बाजूला काउंटर, जो इव्हेंट ज्या काउंटरवर बसू शकतो तिथे रेघ, आणि जास्तीत जास्त जुळण्या शोधायच्या. हॉपक्रॉफ्ट आणि कार्प यांची रीत १९७३ पासून उपलब्ध आहे. टेनेसी विद्यापीठातून आलेल्या पापी या लायब्ररीतही काउंटर वाटण्यासाठी द्विभाजित जुळणीच वापरली होती. असे असताना कर्नल लोभी पद्धतीने, म्हणजे समोर दिसेल तो काउंटर देत जाण्याने, काम का भागवतो? ती पद्धत चुकू शकते.

दूरदेशी

ती चुकली होती, आणि ती चूक एएमडीच्या प्रोसेसरवर उघड झाली. मी बाहेरदेशी याच प्रकारच्या कामात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

कर्नलमध्ये प्रत्येक इव्हेंटला एक मास्क असतो. ज्या काउंटरवर तो बसू शकतो त्या काउंटरचा बिट १ असतो. ही बंधने हार्डवेअरमधूनच येतात, कारण प्रत्येक काउंटरपर्यंत प्रत्येक सिग्नलची तार ओढलेली नसते. कोअर २ वर दोनच जनरल काउंटर होते आणि भागाकार मोजणारा इव्हेंट त्यांतल्या फक्त दुसऱ्यावर चालायचा. सँडी ब्रिजवर एल१च्या प्रलंबित मिसेस फक्त क्रमांक २ च्या काउंटरवर मोजता येतात. मास्कमधल्या १ ची संख्या म्हणजे त्या इव्हेंटचे वजन. कर्नल सर्वांत कमी वजनाच्या इव्हेंटपासून सुरुवात करतो, म्हणजे ज्याला पर्याय कमी त्याला आधी जागा. फिक्स्ड काउंटर चालत असेल तर आधी तो देतो, नाहीतर मास्कमधला पहिला मोकळा काउंटर देतो.

एएमडीच्या फॅमिली १५एच मध्ये, ज्याला आपण बुलडोझर म्हणून ओळखतो, ६ काउंटर आले आणि मास्क विचित्र झाले. काही इव्हेंट ०, १, २ वर चालतात, काही ३, ४, ५ वर, आणि काही फक्त ० आणि ३ वर. समजा तुम्ही ०-३ वाला एक, ०-१-२ वाले तीन आणि ३-४-५ वाले दोन इव्हेंट मागितले. एकूण सहा इव्हेंट आणि सहा काउंटर. ०-३ वाल्याचे वजन २, म्हणून तो आधी येतो आणि पहिला मोकळा काउंटर ० घेतो. त्यानंतर ०-१-२ वाल्या पहिल्याला १ मिळतो, दुसऱ्याला २, आणि तिसऱ्यासाठी काही उरत नाही. कर्नल म्हणतो की यादी बसत नाही. प्रत्यक्षात पहिल्याने ३ घेतला असता तर ०, १, २ त्या तिघांना आणि ४, ५ उरलेल्या दोघांना मिळून सगळे बसले असते.

याची दुरुस्ती ३.३ या आवृत्तीच्या सुमारास आली. ज्या बंधनांचा मास्क असा आडवा छेदतो त्यांना ‘ओव्हरलॅप’ अशी खूण केली गेली. अशा इव्हेंटला काउंटर देताना कर्नल तोपर्यंतची स्थिती जपून ठेवतो, आणि पुढे अडले तर तिथे परत येऊन पुढचा काउंटर देऊन पाहतो. जपलेल्या स्थितींची संख्या दोनच ठेवली आहे. ही परतफेरी इव्हेंटच्या संख्येच्या फॅक्टोरिअलने वाढू शकते, म्हणून अशा खुणा कमीत कमी ठेवाव्यात, अशी सूचना कोडमधल्या टिप्पणीतच लिहिलेली आहे.

तिठा

हे उदाहरण वाचून माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मलाच सापडले, म्हणून मांडते. बाकी प्रोसेसरांवर लोभी पद्धत का पुरते याची सिद्धता लहान आहे.

समजा कोणतेही दोन मास्क घेतले तर एक दुसऱ्याच्या पूर्ण पोटात आहे किंवा दोघांत काहीच सामाईक नाही. सर्वांत कमी वजनाचा इव्हेंट घ्या. त्याच्या मास्कमधले सगळे काउंटर उरलेल्या प्रत्येक इव्हेंटच्या दृष्टीने सारखेच आहेत, कारण दुसरा मास्क एकतर त्या सगळ्यांना सामावतो किंवा एकालाही नाही. मग त्याने त्यातला कोणता घेतला याने काहीच फरक पडत नाही. तो काउंटर काढून टाकला तरी उरलेल्या मास्कांचे नाते तसेच राहते, म्हणून हाच युक्तिवाद पुढच्या इव्हेंटला लागू होतो. शेवटपर्यंत एकही चुकीची निवड होऊ शकत नाही. बुलडोझरचा ०-३ हा मास्क दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा शिरतो, आणि सिद्धता नेमकी तिथे तुटते.

मूळाक्षर

अतिशय नेमकी मांडणी. उरलेले अर्धे उत्तर हे काम कुठे चालते त्यात आहे. ही वाटणी कर्नल प्रोसेस बदलताना आणि टायमरच्या इंटरप्टमध्ये करतो. त्या वेळी इंटरप्ट बंद असतात आणि पुढची प्रोसेस वाट पाहत असते. तिथे आलेखासाठी मेमरी मागण्याची सोय नाही. म्हणून वजनांच्या फेरीआधीही एक झटपट वाट ठेवली आहे. प्रत्येक इव्हेंटला मागच्या वेळचा काउंटर आठवतो. तो अजून मास्कमध्ये असेल आणि दुसऱ्या कोणी घेतलेला नसेल तर सगळे जिथे होते तिथेच बसतात आणि रजिस्टर नव्याने लिहावे लागत नाहीत. बहुतेक वेळा काम इथेच संपते.

हा भार कर्नलने घ्यावा की नाही यावरही मोठा वाद झाला होता. पर्फ २००९ मध्ये २.६.३१ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आले. त्याआधी परफसीटीआर आणि परफमॉन२ हे प्रकल्प मुख्य शाखेच्या बाहेर चालत होते, आणि परफमॉन२ मध्ये कोणता इव्हेंट कोणत्या काउंटरवर हे वापरकर्त्याच्या बाजूची लायब्ररी ठरवायची. इंगो मोल्नार आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी डिसेंबर २००८ मध्ये जो पर्याय मांडला त्यात हा निर्णय कर्नलकडे गेला. आज वॉचडॉग, व्हर्च्युअल मशीन, रूटचे पर्फ आणि तुमचे पर्फ असे चौघे एकाच वेळी काउंटर मागतात. कोणत्याही एका लायब्ररीला बाकी तिघांची खबर नसते. त्यामुळे तो निर्णय योग्य होता असे मला ठामपणे वाटते.

उंबरठा

नवशिक्याची शंका. रास्पबेरी पाय ४ वर आणि भाड्याच्या क्लाउड मशीनवर हेच नियम लागू होतात का? क्लाउडवर मला ‘नॉट सपोर्टेड’ असे दिसते.

दूरदेशी

वरचा थर तोच आहे, म्हणून ग्रुप, रांग आणि फिरवणीचे नियम तेच. पाय ४ मध्ये कॉर्टेक्स ए७२ आहे. त्यावर ६ इव्हेंट काउंटर आणि सायकल्ससाठी एक वेगळा काउंटर असतो, त्यामुळे वाटणी सोपी जाते.

‘नॉट सपोर्टेड’ आणि ‘नॉट काउंटेड’ यांत गल्लत करू नका. पहिल्यात इव्हेंट उघडलाच गेला नाही. बहुधा त्या व्हर्च्युअल मशीनला पीएमयू दाखवलेलाच नाही. दुसऱ्यात इव्हेंट उघडला, पण त्याला पाळी मिळाली नाही. आणि केव्हीएममध्ये (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची यंत्रणा) पीएमयू दाखवलेला असला तरी आतल्या काउंटरसाठी यजमान कर्नल बाहेर एक पर्फ इव्हेंट उघडतो. त्याला बाहेरच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि आतून ते दिसत नाही.

इंटेलच्या २०२१ पासूनच्या अल्डर लेकसारख्या मिश्र प्रोसेसरांवर मोठ्या आणि लहान कोअरचे पीएमयू वेगळे असतात. प्रोसेस मोठ्या कोअरवर असताना लहान कोअरचा इव्हेंट थांबलेला असतो. तिथली टक्केवारी काउंटर अपुरे असल्याची खूण असेलच असे नाही.

पाणवठा यांना एक सावधगिरीची सूचना. तुमच्या मशीनला हे लागू नाही, पण सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेलवर हायपरथ्रेडिंग चालू असताना काही मेमरी इव्हेंटमुळे शेजारच्या थ्रेडचा काउंटर बिघडतो, असा हार्डवेअरमधला दोष आहे. कर्नल ४.१ पासून असा इव्हेंट बसला की शेजारच्या थ्रेडचा तोच काउंटर इतरांना देत नाही. जुन्या सर्व्हरवर अकारण टक्केवारी घसरलेली दिसली तर हे कारण तपासावे.

पाणवठा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज मी कामाच्या सर्व्हरवर, वॉचडॉगला हात न लावता, मोजणी पुन्हा केली. प्रोसेसर त्याच पिढीचा आहे. सहा इव्हेंटचे दोन ग्रुप केले. पहिल्यात सायकल्स, इन्स्ट्रक्शन्स, ब्रँच मिसेस, कॅश मिसेस. दुसऱ्यात पुन्हा सायकल्स आणि इन्स्ट्रक्शन्स, सोबत एल१ आणि डीटीएलबी मिसेस. पहिला ग्रुप आत असताना दुसऱ्याच्या चौघांनाही जनरल काउंटर लागतात आणि तिथे एकच मोकळा असतो. म्हणून दोघे एकाआड एक बसतात आणि दोन्हींपुढे ५० टक्क्यांच्या आसपास आकडा आला.

काळाफळा यांच्या प्रतिसादावरून एक पडताळा सुचला. दोन्ही ग्रुपमध्ये सायकल्स आहे आणि प्रोग्राम एकच आहे, तेव्हा अंदाज बरोबर असेल तर दोन्ही सायकल्स जवळपास सारखे यायला हवेत. शोधण्याच्या लांब टप्प्यात ते छान जुळले. तक्ता बांधण्याच्या टप्प्यात जुळले नाहीत. दर वेळी वेगळा फरक आला. तो टप्पा काही मिलिसेकंदांचाच आहे. आता तो टप्पा वेगळा काढून दोनदा चालवते आहे, प्रत्येक वेळी एकच ग्रुप लावून, म्हणजे टक्केवारीचा प्रश्नच उरणार नाही. आकडे टक्केवारीच्या स्तंभासह इथेच टाकेन.